कोबेलबाईचं क्रॉसिंग

आमच्या लोन पॉपलर पालिकेत ज्याच्यावरून नाव पडलं ते पॉपलरचं झाड आता नाही. रस्ता रुंद करताना पालिकेनंच ते पाडलं, आणि मग नाव बदलायचं की ठेवायचं यावर बैठकीत दोन हिवाळे भांडण चाललं. शेवटी पाट्या नव्यानं रंगवायचा सगळ्यांना कंटाळा आला, म्हणून नाव राहिलं. नकाशावर पालिका ऐसपैस पसरलेली दिसते. माणसं मात्र इतकी कमी, की सगळी गोळा केली तरी ब्रिस्क वस्तीच्या हॉलमध्ये बसतील आणि वर खुर्च्या उरतील. एका घरातून शेजारचं घर दिसतं, पण 'आत्ता जाऊन येते' म्हणून जानेवारीत पायी निघालात, तर थेट वसंतातच सापडाल.

अशा या मुलखात डेल्फीन कोबेलनं उभा जन्म शाळेची बस चालवली. चण एवढीशी, स्टिअरिंगच्या मागे बसली की बाहेरून फक्त लोकरीची टोपी दिसायची. पण आवाज? बाई पुढे 'खाली बस' म्हणाली की शेवटच्या बाकावरचं पोरगं बसायचं, आणि शेजारच्या शेतातली गायसुद्धा बसायची, असं लोक सांगतात. आज पालिकेत पन्नाशीच्या आतलं एकही माणूस असं नाही की ज्याला डेल्फीननं कधी ना कधी दटावलेलं नाही. पालिकेचे अध्यक्ष भाषणाला उभे राहिले आणि ती पहिल्या रांगेत असली, तर ते अजूनही चटकन आटोपतं घेतात.

एखादं पोर फाटकाशी दिसलं नाही तर ती हॉर्न वाजवायची. तरी आलं नाही, तर सगळ्या बसला 'हलायचं नाही' असा दम भरून खाली उतरायची आणि सरळ त्या घरात शिरायची. कुणाची आई तापानं फणफणलेली असायची, कुणाचा बाप गुरांमागे गेलेला. मग ही पोरांना लापशी करून घालणार, बटणं लावणार आणि बसमध्ये कोंबणार. शाळेनं उशिराची तक्रार केली की म्हणायची, गणित कुठे पळून जात नाही.

तिची एक खोड मात्र सगळ्या पालिकेला ठाऊक होती. शाळेच्या बसनं रेल्वेच्या क्रॉसिंगवर थांबायचं, दार उघडायचं, कान द्यायचा आणि मग निघायचं, असा नियम आहे. आता, ब्रिस्कच्या बाहेरच्या क्रॉसिंगवरचे रूळ रेल्वेनं कधीच उखडून नेले. लाकडी स्लीपर तर डेल्फीनच्या नवऱ्यानंच, नेस्टरनं, विकत आणून बागेला कुंपण केलं. तरी ही तिथे थांबायची. निवृत्त झाली, बस गेली, पिकअप ट्रक चालवायला लागली, तरीही थांबायची, काच खाली करायची, ऐकायची. नेस्टर शेजारी बसून म्हणायचा, "अगं, गाडी यायची तर आधी आपल्या वाटाण्याच्या वेलांवरून यावी लागेल." ती म्हणायची, "येऊ दे. मी थांबलेली असेन." तिच्या मागे जो असेल तोही निमूट थांबायचा. त्या जागेला लोक कोबेलबाईचं क्रॉसिंगच म्हणायला लागले.

मग नेस्टर गेला. घर एकदम मोठं झालं.

त्यांची मुलगी रोझॅन रेजायना शहरात असते, उंच इमारतीत, विम्याच्या ऑफिसात नोकरीला. विमेवाल्यांना दिवसभर दुसऱ्यांच्या संकटांची चित्रं बघावी लागतात, त्यामुळे त्यांना स्वतःच्या आईचीही तशीच दिसायला लागतात. दर रविवारी फोनवर तिचं एकच टुमणं असायचं: "आई, तू तिथे पडलीस तर कुणाला कळणारसुद्धा नाही." तिनं आपल्या इमारतीजवळच म्हाताऱ्यांसाठीची एक खोली बघून ठेवली होती. लिफ्ट होती आणि गळ्यात घालायचं एक बटण. दाबलं की माणूस येतो. डेल्फीन म्हणायची, मला माणूस हवा असला तर मी हाक मारते, बटण कशाला?

पण ऑगस्टमध्ये एक गोष्ट घडली, आणि ती तिनं कुणाला सांगितली नाही. सकाळी उठल्या उठल्या ती लोणच्यातल्या बिटाची बरणी आणायला तळघरात उतरली आणि शेवटच्या पायरीवर पाय मुरगळला. बरणी वाचली, घोटा गेला. ती तिथेच पायरीवर बसून राहिली. आधी तिनं नेस्टरला शिव्या दिल्या, कारण ती पायरी तो दुरुस्त करणार होता. मग भूक लागली म्हणून बरणी उघडून बोटांनी बीट खाल्लं. फोन वाजला नाही, दार वाजलं नाही, कुणी हाक मारली नाही. दुपारी ती बसल्या बसल्या एकेक पायरी चढून वर आली, पडदे बाजूला सरकवले आणि उरलेली बरणी घेऊन व्हरांड्यात जाऊन बसली. हात जांभळे, डोळे लाल. त्या दिवशी पहिल्यांदा तिला वाटलं, पोरगी म्हणते ते खरं आहे. आणि ते वाटणं तिला घोट्यापेक्षा जास्त दुखलं.

पुढच्या रविवारी ती रोझॅनला 'बरं, येते' म्हणाली. जमीन गोठायच्या आत सामान हलवायचं ठरलं. का कबूल झाली ते तिनं सांगितलं नाही, आणि रोझॅननं विचारलं नाही, कारण तिला जिंकल्याचा आनंद झाला होता. खरं सांगायचं तर डेल्फीनला जायचं नव्हतं. मुळीच नव्हतं. पण बाई हट्टी असली तरी खोटी नव्हती, आणि मुलीला उलटून सांगावं असं तिच्यापाशी काही उरलं नव्हतं.

ऑक्टोबरात ब्रिस्कच्या हॉलमध्ये टर्की पक्ष्याचं जेवण झालं. सुगी संपली की दर वस्ती आपापल्या हॉलमध्ये हे जेवण घालते, आणि कुणाची तारीख कुणावर आली तर त्यावरून सोयरिकी मोडतात. डेल्फीनचे पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, होते, भोपळ्याचं सारण भरलेले गोड केक होते, आणि तो जेलीचा हिरवा प्रकार होता जो कुणीही खात नाही पण दर वर्षी कुणीतरी करतंच. हे आपलं इथलं शेवटचं जेवण, हे डेल्फीनला माहीत होतं. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त पिरोगी दुप्पट केले.

जेवणं चालू असतानाच बर्फ पडायला लागलं. बाहेर अंगणात सगळे पिकअप पांढरेफटक होऊन ओळीनं उभे. आता आमच्याकडची पद्धत अशी, की किल्ली गाडीतच ठेवायची. कुणाची गाडी अडकली, कुणाची बायको बाळंत व्हायला आली, तर त्याला गाडी शोधत बसायला नको. किल्ली काढून खिशात घालणारा माणूस एक तर शहरातला असतो नाही तर चिक्कू.

डेल्फीनच्या ट्रकशेजारी आयवर हाउगेनचा ट्रक होता. आयवर तिचा शेजारी, म्हणजे चार मैलांवर. नॉर्वेजियन घराण्यातला, सत्तरीचा, जन्माचा ब्रह्मचारी. नेस्टर आणि तो जिवाभावाचे मित्र. दोघांनी मिळून विक्रेत्याला छळून छळून एकाच दिवशी दोन सारखे पांढरे ट्रक स्वस्तात आणले होते. आयवर लवकर जेवतो आणि लवकर निघतो. तो बाहेर आला आणि डेल्फीनच्या ट्रकमध्ये बसून निघून गेला. गुडघे स्टिअरिंगला टेकले, तेव्हा त्याला एवढंच वाटलं की आज जरा जास्तच झालं जेवण.

थोड्या वेळानं डेल्फीन आयवरच्या ट्रकमध्ये बसली. तिचे पाय पेडलला पोचेनात. आता डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की वयानं उंची घटते, पण एका जेवणात एवढी? ती सीटच्या कडेला येऊन, मान वर काढून चालवत राहिली आणि मनात म्हणाली, बरं झालं जातेय ते, आणखी दोन वर्षांनी मला पोरांच्या खुर्चीत बसवावं लागलं असतं.

क्रॉसिंग आलं. ती थांबली, काच खाली केली, कान दिला. बर्फात चिडीचूप शांतता. आणि त्या शांततेत मागच्या सीटवर कुणीतरी घोरत होतं.

दुसरं कुणी असतं तर दार उघडून पळालं असतं. डेल्फीननं आरशात न बघता बसमधला आवाज काढला. "मागे जो कोण आहे, त्यानं नीट उठून बसायचं."

आणि मागे कर्नल नीट उठून बसला. कर्नल म्हणजे आयवरचा म्हातारा, जाडा, एका कानानं बहिरा कुत्रा. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. पण मागे हॉलचे दिवे मालवलेले, पुढे बर्फ वाढत चाललेलं. ती मुकाट्यानं घरी गेली आणि तिथून आयवरला फोन लावला. आयवर जेवणानंतर फोन उचलत नाही, कारण त्या वेळेला फक्त काहीतरी विकणारेच फोन करतात. सकाळी बघू म्हणून तिनं कर्नलला थोडी टर्की घातली. कर्नलनं ती संपवली, घरभर हिंडून पाहणी केली आणि नेस्टरच्या खुर्चीत चढून झोपला. त्या खुर्चीत कुणी बसलेलं बघून तिला बरं वाटलं. ते तिनं कर्नलला सांगून टाकलं. तो बहिरा कान तिच्याकडे करून झोपला होता.

आमच्याकडे माणूस चेहऱ्यानं ओळखत नाहीत. चेहरा टोपीत आणि मफलरमध्ये असतो. माणूस ट्रकवरून आणि नंबरावरून ओळखतात. दुसऱ्या दिवशी पहाटे लायल फ्रिझेन ग्रेडर घेऊन बाहेर पडला. हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ बाजूला ढकलणारं आणि उन्हाळ्यात खडी सपाट करणारं ते अवाढव्य पिवळं यंत्र त्याच्या ताब्यात असतं, त्यामुळे पालिकेच्या अध्यक्षापेक्षा त्याला जास्त मान. त्याच्या उंच केबिनमधून सगळ्यांची अंगणं दिसतात. त्यानं आधी आयवरचं अंगण पाहिलं: डेल्फीनचा ट्रक, वर वीतभर बर्फ. म्हणजे रात्रभर तिथेच. त्यानं वायरलेसवर पालिकेच्या शेडला ही बातमी दिली. तिथून ती पोस्टातल्या व्हर्लाकडे गेली, आणि व्हर्लाकडे गेली म्हणजे गेलीच.

पण पुढे जाऊन लायलनं डेल्फीनचं अंगण पाहिलं, तर तिथे आयवरचा ट्रक, वर वीतभर बर्फ! आता आली का पंचाईत? दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर दोन तट पडले. एक म्हणे तो तिच्याकडे, दुसरा म्हणे ती त्याच्याकडे. कुणीतरी म्हणालं, कदाचित दोघं एकमेकांना भेटायला निघाले आणि वाटेत चुकामूक झाली असेल. व्हर्लानं सगळ्यांना गप्प केलं. या वयात कुणाकडे का असेना, ती म्हणाली, पण पोरीला कळवायला हवं. मग जो तो कळवायला लागला.

डेल्फीनचा फोन आठाच्या आधीच वाजला.

"आई, तू कुठे आहेस?" रोझॅन म्हणाली.

"स्वयंपाकघरात. तू घरच्याच फोनवर फोन केलायस."

"एकटी?"

डेल्फीननं खुर्चीकडे बघितलं. कर्नल पाय ताणून घोरत होता. "अगदी एकटी असं म्हणता येणार नाही," ती म्हणाली.

"ते घोरणं मला ऐकू येतंय, आई."

"अगं, त्याला रात्री टर्की जास्त झाली."

पुढचं समजावून सांगायला तिनं तोंड उघडलं तोवर 'मी निघाले' असं म्हणून रोझॅननं फोन ठेवून दिला होता. उलट फोन केला तर उचलेना. आईवरच गेली आहे पोरगी.

रस्ता मोकळा झाला तशी डेल्फीन कर्नलला पुढच्या सीटवर बसवून आयवरचा ट्रक पोचवायला निघाली. क्रॉसिंगला थांबली, काच खाली केली. समोरून लायलचा ग्रेडर आला आणि बाजूला उभा राहिला. लायल खाली उतरून खिडकीशी आला आणि त्यानं टोपी काढली. बसमध्ये तिनं ही सवय लावलेली.

"मला वाटलंच तुम्ही असणार, कोबेलबाई," तो म्हणाला. "आयवर इथे थांबत नाही."

तिनं त्याला झाला प्रकार सांगितला. त्यानं मान डोलावली, पण त्याच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं की त्याला पहिली गोष्टच जास्त आवडली होती. मग तिच्या मनातलं ओठांवर आलंच. सकाळी सकाळी लोकांच्या अंगणात डोकावून गावभर बोभाटा करायचा, हे कुणी शिकवलं तुला, असं तिनं त्याला विचारलं.

"तुम्हीच," लायल म्हणाला. "आमच्या फाटकाशी तुम्ही नाही का बघायचात? मी तर फक्त दिवा बघतो. तुमचा स्वयंपाकघरातला दिवा लागलेला दिसला की मी थर्मासमधली कॉफी ओततो. ऑगस्टमध्ये एकदा नाही दिसला. पडदेही ओढलेले. दुपारी पुन्हा चक्कर मारली आणि तुमच्या अंगणात ग्रेडर वळवला. म्हटलं, आता दिसला नाहीत तर दारच फोडायचं. तर तुम्ही व्हरांड्यात बसून बीट खात होतात."

डेल्फीनला तो दिवस लख्ख आठवला. आपण घोटा धरून बसलो होतो आणि हा मेला कारण नसताना अंगणात ते धूड वळवून झेंडूवर खडी उडवून गेला होता. दोन महिने ती त्या झेंडूंसाठी त्याला मनात शिव्या घालत होती.

"मग उतरला का नाहीस?" तिनं विचारलं.

"तुम्ही इतक्या रागानं बघत होतात की म्हटलं, आहेत ठणठणीत."

तिला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की ती नेहमी ओरडते. "टोपी घाल डोक्यात, कान गळून पडतील!" ती ओरडली. लायलनं टोपी घातली आणि हसत वर चढला.

आयवरच्या अंगणात आयवर सकाळपासून कर्नलला हाका मारत हिंडत होता. ट्रक बदललाय हे त्याला अजून कळलेलंच नव्हतं. कुत्रा नाही हे मात्र उठल्या उठल्या कळलं होतं. कर्नल धपकन खाली उतरला तेव्हा आयवर बर्फात गुडघे टेकून त्याच्या गळ्यात पडला. मग त्यानं एका ट्रककडे बघितलं, दुसऱ्याकडे बघितलं. "तरीच गुडघे," तो म्हणाला. आयवरच्या मानानं हे लांबलचक भाषण होतं.

तेवढ्यात एक छोटीशी लाल गाडी घसरत घसरत अंगणात शिरली आणि त्यातून रोझॅन उतरली, शहरातल्या पातळ बुटांत. मागच्या सीटवर सामान भरायचे रिकामे खोके खच्चून भरलेले.

"तुला कसं कळलं मी इथे आहे?" डेल्फीननं विचारलं.

"मी तुझ्या घरी वळणार होते, तर त्या ग्रेडरवाल्यानं रस्त्यात थांबवलं. म्हणाला, आई आयवरकडे आहे, इकडून जा, आणि वळणावर घसरतंय, जपून. आई, मी येतेय हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. ही गाडीसुद्धा नवी आहे." तिनं दम घेतला. "सकाळपासून इतके फोन आलेत! पोस्टातून, दुकानातून. एका बाईंनी तर फोन करून नुसतं अभिनंदन केलं. इथे माणसाला शिंक तरी खासगीत देता येते का? आणि मी आपली तुला म्हणत होते की..."

ती मध्येच थांबली.

"बोल ना," डेल्फीन म्हणाली. "काय म्हणत होतीस?"

आयवरला एवढ्या बायकांची सवय नव्हती. तो 'कॉफी' एवढंच पुटपुटून आत पळाला. मग तिथेच, दोन पांढऱ्या ट्रकांच्या मधे उभं राहून, डेल्फीननं लेकीला ऑगस्टची सगळी गोष्ट सांगितली. पायरी, बीट, झेंडू, आणि लायलनं मघाशी सांगितलेलं. रोझॅनचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग तिनं आईला घट्ट धरलं. डेल्फीन तिच्या खांद्याएवढीच. त्या खांद्यात तोंड खुपसूनच तिनं विचारलं, "तुझ्या दारासमोर कोण राहतं गं?"

"कुठे?"

"तुझ्या इमारतीत. समोरच्या दारात."

"कुणीतरी बाई आहे. दिसते कधीकधी लिफ्टमध्ये."

"नाव काय तिचं?"

रोझॅनला नाव माहीत नव्हतं.

"आणि तू पडलीस तर?" डेल्फीननं विचारलं. टोमणा नव्हता हो तो. तिला खरंच काळजी वाटली होती, पोटातून, आणि ती तिच्या आवाजात ऐकू येत होती. रोझॅन आईला सोडून गाडीतल्या खोक्यांकडे बघत राहिली.

खोके रिकामे गेले नाहीत. त्यांत बटाटे गेले, गोठवलेले पिरोगी गेले आणि बिटाच्या बरण्या गेल्या. निघण्याआधी रोझॅननं तळघराची ती पायरी आयवरकडून ठोकून घेतली आणि स्वतः तिच्यावर तीनतीनदा उड्या मारून बघितल्या. खोलीचं आणि बटणाचं नाव तिनं काढलं नाही. डेल्फीननं एक बरणी वेगळी बांधून तिच्या मांडीवर ठेवली. ही समोरच्या बाईला द्यायची, दार वाजवायचं, नाव विचारायचं आणि मला फोन करून सांगायचं, असं तिनं बसमधल्या आवाजात बजावलं.

आठवड्याच्या मधेच फोन आला. रविवार नसताना.

"सलोमे नाव आहे तिचं," रोझॅन म्हणाली. "आधी साखळी लावूनच दार उघडलं. मग आत बोलावलं. बराच वेळ बसले."

"बीट आवडलं का?"

"आवडलं म्हणे. बरणी परत द्यायला शनिवारी येणार आहे."

"नीट बघ, ठरल्या दिवशी आली नाही तर जाऊन दार वाजव," डेल्फीन म्हणाली, आणि टपाल आणायला निघाली.

ट्रक बदलल्याची खरी हकिगत तिनं कॉफीच्या टेबलावर स्वतः जाऊन सांगितली. सगळ्यांनी ऐकून घेतली, आणि कुणी विश्वास ठेवला नाही. त्यातून आता लायलनं बर्फातल्या चाकांच्या खुणा पाहून नवी बातमी आणली आहे. हल्ली आयवरचा ट्रकसुद्धा त्या क्रॉसिंगवर थांबतो म्हणे.